धुराचा वाद आणि पाण्याचा वाद : मोहोळच्या बाजूने

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मद्रासच्या दिशेने निघालेला लोहमार्ग टप्प्याटप्प्याने पुढे सरकत होता. १८५९ मध्ये तो पुण्याकडून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आला. १८६० मध्ये बार्शी रोडहून मोहोळपर्यंत आणि त्याच वर्षी मोहोळहून सोलापूरपर्यंत. या हिशेबाने १८६० सालातला काही काळ मोहोळ हे रूळ संपण्याचे ठिकाण होते. त्यापुढे बैलगाडी होती. मागे भोर घाटाचा चढही अजून गाडीला खुला व्हायचा होता. तो १८६३ मध्ये झाला. दोन्ही टोकांना बैल आणि मधल्या पट्ट्यात वाफ, अशी ही अर्धवट अवस्था होती. मोहोळचे नाव निघाले की नागनाथाचे देऊळ आठवते. रुळांचे हे शेवटचे टोक कोणाला आठवत नाही.

बार्शी रोडपर्यंत रूळ आले त्याच वर्षी, १८५९ मध्ये, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल हा शास्त्रज्ञ निरनिराळे वायू उष्णतेचे प्रारण किती शोषून घेतात हे मोजत होता. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू उष्णता अडवून धरतात, हे त्याने प्रयोगाने दाखवले. त्याआधी तीन वर्षे अमेरिकेत युनिस फूट या स्त्रीने सूर्यप्रकाशात ठेवलेल्या नळकांड्यांवर प्रयोग करून जवळपास याच दिशेचा निष्कर्ष मांडला होता. (विज्ञानाच्या इतिहासात तिचे नाव दीर्घकाळ गाळलेले राहिले, हे वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना नवे वाटू नये.) पुढे १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने हवेतील या वायूचे प्रमाण वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित केले.

लंडनचा तो प्रयोग आणि मोहोळचे ते रूळ यांचा त्या वेळी एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. आज तो जोडता येतो, आणि जोडला की एक प्रश्न उभा राहतो. जगभर ज्याला जीवाश्म इंधने आणि हवामान बदल यांचा वाद म्हणतात, तो मोहोळसारख्या ठिकाणी कोणत्या भाषेत झाला? आमचे म्हणणे असे, की तो धुराच्या भाषेत जवळजवळ झालाच नाही. पाण्याच्या भाषेत झाला. शहरातली चर्चक मंडळी याला अज्ञान समजतात. आम्हाला तसे वाटत नाही. मात्र या पाण्याच्या भाषेतही एक मोठे मौन आहे, आणि ते मौन उसाचे आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टींचा मागोवा घ्यायचा आहे.

आरंभ शब्दांपासून करू. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसाने रेल्वेला ‘आगगाडी’ म्हटले आणि स्टीमरला ‘आगबोट’. दोन्ही नावांत आग आहे. गाडी रुळांवरून चालते म्हणून तिला इंग्रजाने रुळांचे नाव दिले. आपल्या लोकांना तिच्या पोटातला जाळ दिसला. ‘कोळसा’ हा शब्द तर जुनाच होता, पण त्याचा अर्थ लाकडाचा कोळसा, लोणारी समाज भट्ट्या लावून पाडत असे तो. खाणीतून निघणारे काळे दगड जळतात हे कळल्यावर त्यांना ‘दगडी कोळसा’ म्हणावे लागले. या जोडशब्दात एक आश्चर्य गोठून राहिले आहे, असे आम्हाला वाटते. दगड जळत नाही हे ज्या भाषेला ठाऊक होते, तिने जळणाऱ्या दगडाची नोंद करून ठेवली.

पुढे नावांतून आग हळूहळू निघून गेली. आगगाडीची रेल्वे झाली. वाफेची इंजिने गेली, डिझेलची आली. मग मार्गाचे विद्युतीकरण झाले. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत एक्स्प्रेस मोहोळच्या फलाटासमोरून विजेवर जाऊ लागली. या गाडीला आगगाडी म्हणणे कोणालाही हास्यास्पद वाटेल. पण देशातल्या विजेचा मोठा हिस्सा आजही कोळसा जाळूनच तयार होतो. तेव्हा आग विझली असे म्हणता येत नाही. ती प्रवाशांच्या नजरेआड, दूरच्या एखाद्या बॉयलरमध्ये गेली आहे. शब्द मात्र आधीच विझले. ‘जीवाश्म इंधन’ हा त्यांच्या जागी आलेला शब्द परिभाषेच्या समितीत घडलेला आहे. तो पाठ्यपुस्तकात शोभतो. मोहोळच्या आठवडा बाजारात तो कोणी उच्चारल्याचे आमच्या कानांवर आलेले नाही.

वाफेच्या इंजिनाची आणखी एक बाजू येथे सांगितली पाहिजे. हे इंजिन कोळशापेक्षा कितीतरी पट अधिक पाणी पीत असे. त्यामुळे मार्गावर ठिकठिकाणी टाक्या आणि पाण्याचे नळखांब उभारावे लागत. मुंबई बाजूच्या रेल्वेचा कोळसा सुरुवातीच्या काळात बराचसा इंग्लंडहून समुद्रमार्गे येई. पाणी मात्र वाटेवरचेच घ्यावे लागे. इंधन बाहेरचे आणि पाणी इथले, ही विभागणी अगदी प्रारंभापासूनची आहे. पुढचा सारा इतिहास या एका विभागणीत वाचता येतो.

सोलापुरात १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. लोक तिला आजही ‘जुनी मिल’ म्हणून ओळखतात. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. प्रशांत महासागरातील प्रबळ एल निनोशी त्या दुष्काळाचा संबंध आता अभ्यासकांनी प्रस्थापित केला आहे. खेड्यात धान्य नाही आणि शहरात धुरांडे उभे राहत आहे, असे ते चित्र होते. त्यानंतरच्या पिढ्यांना धुरांड्यातला धूर हा रोजगाराचा पुरावा वाटला यात नवल नाही. नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या शहराच्या दिनक्रमाचा भाग झाल्या. भोंग्यावर घड्याळ लावले जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तेव्हा आकाश स्वच्छ झाले आणि घरे ओस पडली. ज्या शहराने स्वच्छ आकाशाचा हा अर्थ अनुभवला, त्याला धुराविरुद्ध चळवळ करायला सांगणे सोपे नाही.

महाराष्ट्रात धुराची चळवळ झाली ती डहाणूला. तेथे बीएसईएस कंपनीच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली. चिकूच्या बागा आणि समुद्रकिनारा वाचवण्यासाठी नर्गिस इराणी, कित्यायून रुस्तम यांच्यासारख्या स्थानिकांनी न्यायालयाची दारे ठोठावली. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण स्थापन झाले. धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवण्याचा आग्रह या प्राधिकरणाने १९९९ पासून धरला आणि २००७ मध्ये ती यंत्रणा सुरू झाली. आठ वर्षे एका यंत्रणेसाठी! तरीही तो विजय होता, कारण अन्यत्र तेवढेही घडले नाही. २०१५ मध्ये देशभरातील कोळसा-केंद्रांसाठी असेच नियम आले, त्यांच्या मुदती वारंवार पुढे ढकलल्या गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना या यंत्रणेतून सूटच देण्यात आली. मात्र डहाणूचा वादही गंधकाचा होता, कार्बनचा नव्हता. बागेवर काय पडते हे डोळ्यांना दिसत होते. वातावरणात काय साठते हे दिसत नव्हते.

सोलापूरच्या वाट्याला औष्णिक केंद्र आले ते पुष्कळ नंतर. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी येथे एनटीपीसीचे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले. पहिला २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झाला. येथे खाण नाही. कोळसा दुरून रेल्वेने येतो. पाणी उजनीचे. पुन्हा तीच विभागणी.

या केंद्राचे बांधकाम चालू असतानाच २०१२-१३ चा दुष्काळ पडला. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालेले. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठा आहे. म्हणून आमच्या जिल्ह्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’, ‘उजनी प्लसमध्ये आली’ अशी भाषा घरोघरी बोलली जाते. गणितातली ऋणसंख्या इतक्या सहजतेने स्वयंपाकघरापर्यंत पोहोचल्याचे दुसरे उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. त्या वर्षी मोहोळ भागातील शेतकरी कार्यकर्ते प्रभाकर देशमुख हे उजनीत वरच्या धरणांतून पाणी सोडावे या मागणीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर पन्नासहून अधिक दिवस उपोषणास बसले. एप्रिल २०१३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी इंदापूर तालुक्यातील एका सभेत त्या उपोषणाची जी असभ्य टिंगल केली, ती सर्वज्ञात आहे. तिची पुनरुक्ती येथे नको. त्यांनी पुढे माफी मागितली आणि कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी एक दिवस आत्मक्लेशाचे उपोषणही केले. वर्तमानपत्रांनी प्रकरण तेथे मिटवले. चर्चा राहिली ती त्या एका वाक्याची. मागणी काय होती, हे मागे पडले.

त्या साऱ्या गदारोळात ‘कार्बन’ हा शब्द नव्हता, ‘हवामान बदल’ही नव्हता. प्रश्न एवढाच होता की, पाणी कोणाचे? आम्हाला हा प्रश्न अडाणी वाटत नाही. तो या वादाच्या मुळाशी जाणारा वाटतो. कोळशाचे केंद्र म्हणजे मुळात पाण्याची वाफ करून चक्र फिरवण्याची आणि ती वाफ पुन्हा थंड करण्याची सोय. नव्या केंद्रांसाठी पर्यावरण मंत्रालयाने ठरवलेली मर्यादा दर मेगावॅट-तासाला ३ घनमीटर पाण्याची आहे. या दराने १३२० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने एक तास चालले तर सुमारे ४० लाख लिटर पाणी लागते. हे वाचून कोणाचाही संताप व्हावा.

परंतु हिशेब पुढे न्यायला हवा, आणि येथेच आम्ही वर म्हटलेले मौन सुरू होते. हेच केंद्र वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने चालले (प्रत्यक्षात तसे चालत नाही) तरी त्याचे पाणी सव्वा टीएमसीच्या आसपास भरते. उजनीचा उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसी. मग उरलेले पाणी जाते कोठे? त्यातून शहरे आणि गावे पितात, पण मोठा वाटा शेतीचा, आणि शेतीत उसाचा. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात. उसाला दोन हजार मिलिमीटरच्या जवळपास पाणी लागते. मधली तफावत कालव्याने, विहिरीने, बोअरने भरून काढायची. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात पाण्याची तीव्र तूट असलेल्या खोऱ्यांत उसासारख्या पिकांना अटकाव करावा, असे सुचवले होते. अहवाल ग्रंथालयांत आहे. ऊस शेतात आहे.

मोहोळने या बाबतीत जो वारसा मागे टाकला, तो पाहिला म्हणजे मन विषण्ण होते. मालदांडी ३५-१ हे रब्बी ज्वारीचे वाण १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडण्यात आले. हस्ताच्या आगेमागे पेरायचे, काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढवायचे, माघ-फाल्गुनात काढायचे. कालवा नको, पंप नको, त्यामुळे पंपाचे डिझेल नको आणि पंपाची वीजही नको. माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा, दोन्ही एकाच ताटातून. पुढची अनेक दशके दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात हे वाण मानदंड म्हणून टिकून राहिले. तापत्या काळात कोणते पीक घ्यावे, असा प्रश्न आज परिषदांमधून विचारला जातो. त्याचे एक उत्तर मोहोळच्या नावावर नव्वद वर्षांपूर्वीच जमा आहे. त्याच तालुक्यात टाकळी सिकंदरचा भीमा सहकारी साखर कारखाना आणि अनगरचा लोकनेते बाबूराव पाटील कारखाना आहे, आणि शेतकरी उसाकडे वळला तो मूर्ख म्हणून नव्हे. उसाला ठरलेला दर आहे, ज्वारीला बाजार आहे. हे आम्ही दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमच्यापैकी अनेकांच्या फीचे पैसे उसाच्या बिलातूनच आले.

आता या उसाला नवे पुण्य लाभले आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये ५ टक्क्यांपासून सुरू झाला. २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि मूळ २०३० चे २० टक्क्यांचे उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्ये पुरे झाले. अलीकडे मक्यासारख्या धान्याचा वाटा त्यात वाढला आहे, तरी ऊस हा त्याचा आरंभीचा आधार. शहरातल्या वाहनधारकाने २०२५ मध्ये या मिश्रणावर कडाडून टीका केली, ती गाडीचे मायलेज घटते म्हणून. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी लागते असे नमूद आहे. त्यावर कोणी कडाडले नाही. जीवाश्म इंधनाच्या जागी आलेले हे इंधन खनिज तेलाची आयात वाचवते, कार्बनच्या खात्यात जमेची बाजू दाखवते. त्या खात्यात पाण्याचा रकाना नाही. म्हणजे मोहोळचे नाव ‘उपाय’ या सदराखाली लिहिले जाते आणि त्या उपायाची किंमत ज्या सदरात लिहावी, ते सदरच वहीत नसते.

आणि हवामानाला उत्तर म्हणून आणलेल्या या इंधनाला हवामानानेच एकदा थांबवले. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. साखर कमी पडेल या भीतीने केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी त्या हंगामासाठी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. थोड्याच दिवसांत ती अंशतः सैल करावी लागली. त्याच वर्षी १५ जूनला सोलापुरात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी स्फोटाने पाडण्यात आली होती, कारण ती विमानांच्या वाटेत येत होती. उसाच्या चिपाडावर वीज करणारी चिमणी गेली. २०२५ मध्ये विमानसेवा सुरू झाली, खनिज तेलावर चालणारी. सभासद शेतकऱ्यांनी चिमणीसाठी आंदोलने केली, व्यापारी-उद्योजकांनी विमानासाठी. दोन्ही बाजूंना आपापला विकास हवा होता आणि दोन्ही बाजूंच्या भाषणांत हवामान कोठेही नव्हते.

जागतिक व्यासपीठावर याच वर्षांत शब्दांची लढाई चालू होती. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत कोळसा टप्प्याटप्प्याने ‘बंद करणे’ याऐवजी ‘कमी करत नेणे’ असा बदल भारताने अखेरच्या क्षणी सुचवला आणि तो मान्य झाला. तेल-वायूसह सर्वच जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याची भाषा ठरावात येण्यास २०२३ ची दुबई परिषद उजाडावी लागली. भारताच्या भूमिकेमागचा युक्तिवाद जुना आहे. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये तो समर्थपणे मांडला होता : श्रीमंताच्या चैनीचा धूर आणि गरिबाच्या जगण्याचा धूर एकाच तराजूत तोलता येणार नाहीत. आम्हाला हा युक्तिवाद पूर्णपणे न्याय्य वाटतो. प्रश्न असा की तो राष्ट्राच्या सीमेपाशी का थांबावा? जिल्ह्यातही चैनीचे पाणी आणि जगण्याचे पाणी असा भेद करता येतो. दिल्लीत गरिबांच्या नावाने बोलणारा आवाज उजनीच्या कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत येईतो क्षीण होतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला असा पूर आला की करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. मोहोळ तालुक्यात लांबोटीजवळ पुराच्या पाण्यामुळे सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्र टिंडलच्या प्रयोगांइतकेच पक्के आहे. एखादा विशिष्ट पूर त्यामुळेच आला असे म्हणायला वेगळा अभ्यास लागतो. मात्र गावांतून झालेली चर्चा पुन्हा जुन्याच भाषेत होती. वरच्या धरणांतून पाणी केव्हा सोडले, किती सोडले, आधी का कळवले नाही, पंचनामे कधी होणार.

त्याच दिवसांत ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा ही मागणी जोर धरू लागली. पाण्याच्या अभावासाठी घडलेला शब्द शेतकऱ्याने पाण्याच्या अतिरेकाला लावला, कारण दोन्हींचा परिणाम त्याच्या घरात एकच होता. हा शब्द कोणत्याही समितीने दिलेला नाही. सरकारच्या नियमावलीत ‘ओला दुष्काळ’ अशी संज्ञा नाही, असे मुख्यमंत्र्यांनी स्पष्ट केले आणि दुष्काळात मिळणाऱ्या सवलती त्या नावावाचून देण्याचे मान्य केले.